‘गेनसे’मधला ‘गेन’ नफ्याचा नव्हे

‘गेनसे’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय आणि ‘इट इज नो गेनसेइंग दॅट...’ ही रचना बरोबर आहे का, असं विचारलं आहे. रचना साफ चूक. ‘हे सांगायला नकोच’ अशा अर्थाने लोक ती भाषणांत ठोकून देतात, आणि ती ऐकून ऐकून वीट आला आहे. ‘गेनसे’ म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं नाकारणं, त्याच्या उलट बोलणं. ‘देअर इज नो गेनसेइंग हिज करेज’ म्हणजे त्याचं धैर्य कुणालाच नाकारता येणार नाही. बाकी छटा कोशात आहेत.

खरी मौज त्यातल्या ‘गेन’ची. हा नफ्याचा ‘गेन’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, त्यांनी निदान कोश तरी उघडावा. नफ्याचा ‘गेन’ फ्रेंचमधून आला. हा जुन्या इंग्रजीतला, अर्थ ‘विरुद्ध, उलट’. ‘अगेन्स्ट’च्या पोटात तोच आहे. जर्मन ‘गेगेन’ही त्याच कुळातला. लॅटिन ‘कॉन्ट्रा’ आणि ‘बोलणे’ मिळून ‘कॉन्ट्राडिक्ट’ झाला, त्याचीही घडण हुबेहूब हीच.

आणि ‘अगेन’सुद्धा इथलाच! त्याचा मूळ अर्थ ‘उलट दिशेने, मागे’. ‘पुन्हा’ हा अर्थ नंतर चिकटला. आपलं ‘परत’ बघा: ‘परत गेला’ म्हणजे मागे गेला, ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग. संस्कृत ‘पुनर्’मध्येही दोन्ही अर्थ नांदतात. जर्मनमध्ये ‘पुन्हा’ (wieder) आणि ‘विरुद्ध’साठीचा दुसरा शब्द (wider) मुळात एकच, आज फक्त स्पेलिंग वेगळं. इंग्रजी ‘विथ’ही एकेकाळी ‘विरुद्ध’ होता, म्हणून ‘विथस्टँड’ म्हणजे समोर ठाकणं. मराठीत हे काम ‘शी’ करतो. ‘त्याच्याशी बोललो’ आणि ‘त्याच्याशी भांडलो’, प्रत्यय तोच. समोरासमोर आल्याशिवाय सोबतही नाही आणि विरोधही नाही, म्हणून भाषाभाषांत हे अर्थ एकमेकांत मिसळतात असं माझं ठाम मत आहे.

याच ‘गेन’चे ‘गेनस्टँड’सारखे इतर समास लोपले, हा एकटा कसा तगला? बायबलमुळे, असं सोपं उत्तर दिलं जातं. 1611च्या इंग्रजी बायबलात, लूकच्या 21व्या अध्यायात तो आहे हे खरं. पण ‘होल्पन’ (‘हेल्प’चं जुनं रूप) आणि ‘विस्ट’ (म्हणजे ‘ठाऊक होतं’) हेही त्याच बायबलात आहेत, ते आज कोण बोलतं? मला हे मुळीच पटत नाही. ‘गेनसे’ला नकाराने जगवलं. ‘नो गेनसेइंग’, ‘कॅनॉट बी गेनसेड’ अशा ठरीव जागी तो घट्ट बसला, म्हणून वाचला. आपल्याकडे ‘सुतराम’ पाहा: ‘सुतराम शक्यता नाही’ रोज ऐकतो, पण ‘सुतराम शक्यता आहे’ असं कुणी म्हणतं का? ‘तमा’ही अशीच, बहुधा ‘न बाळगता’च्या सोबतीने येते.

‘गेनसे’साठी ‘खंडन करणे’ देणाऱ्या कोशकारांशीही माझं भांडण आहे. खंडनाला पुरावा आणि युक्तिवाद लागतो, ते ‘रिफ्यूट’. ‘गेनसे’ला नुसतं ‘नाही’ म्हणणं पुरतं. भूतकाळी रूप ‘गेनसेड’. आणि मूळ प्रश्नातल्या वाक्यात ‘इट इज’च्या जागी ‘देअर इज’ घाला.