शौचालयाची सीट आणि दोन खड्डे घरीच, मिस्त्री न लावता करता येतील का? आमची जमीन काळी आहे.

सीट स्वतः बसवा, जमतं. पण काळ्या मातीतले खड्डे जाणत्या मिस्त्रीकडूनच बांधून घ्या. मी यवतमाळकडे बांधकामावर काम करतो. तक्रार सीटची म्हणून येते आणि दोष खड्ड्यात निघतो. आपली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अन् पाणीही सावकाश जिरतं. म्हणून खड्ड्याला आतून फटी ठेवून बांधलेल्या विटांच्या जाळीच्या बाहेरून चारी बाजूंनी फूटभर रुंदीची रेती-गिट्टी भरावीच लागते. ती वाचवू नका, हात जोडून सांगतो. तळाला सिमेंट नको, दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर, विहीर-बोअर किमान 10 मीटर लांब.

सीट ग्रामीण प्रकारचीच घ्या. तिचा उतार 25 ते 28 अंशांचा असतो, ट्रॅपमध्ये, म्हणजे सीटखालच्या वाकड्या नळीत, वास अडवणारं पाणी 20 मिलिमीटरच थांबतं, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये साफ होते.

- ट्रॅप आधी नुसता विटांवर टेकवा, लेव्हल लावा.
- पक्कं करायच्या आधी लोटाभर पाणी ओता. ट्रॅप जरा जरी कलला तर पाणी वाहून जातं आणि घरात वास सुटतो.
- एका वेळी एकच खड्डा चालू ठेवा. भरला की त्याचं तोंड बंद करून दुसऱ्या खड्ड्याचं उघडा आणि भरलेला दोन वर्षं उघडू नका.

नाल्याकाठी घर असेल आणि पावसाळ्यात खड्ड्यात खालून पाणी चढत असेल, तर हे माप चालणार नाही. तिथे खड्डे उथळ ठेवून जोतं उंच घ्यावं लागतं.