गरोदरपणी परदेशी जाताना कोणत्या गोळ्या न्याव्यात?

ताई, पाचव्या महिन्यात परदेशी निघताय, तेव्हा ताप-दुखीच्या गोळ्या घरून न्याव्यात की तिकडच्या दुकानातून घ्याव्यात, असं विचारलंत. माझी मुलगी परदेशातच झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्रँडवर भिस्त ठेवू नका, पाकिटामागचं औषधाचं मूळ नाव लक्षात ठेवा. ताप, डोकेदुखीला गरोदरपणात पहिली पसंती पॅरासिटामॉलला. अमेरिका-कॅनडात तेच ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर अजिबात नाही, आणि गरजेपुरतंच. खरी फसगत होते ती सर्दीच्या गोळ्यांत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यावर वेगळी गोळी घेतली की डोस नकळत दुप्पट होतो. आणि पॅरासिटामॉलने मूल स्वमग्न होतं, या बातम्यांना घाबरून ताप अंगावर काढू नका. स्वीडनमध्ये सुमारे 25 लाख मुलांचा अभ्यास 2024 साली आला, त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध दिसला नाही. चढलेला ताप मात्र बाळाला बाधू शकतो.

आयबुप्रोफेन कित्येक देशांत सुपरमार्केटमध्येही मिळतं, म्हणून ते गरोदर बाईला चालतंच असं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2020 मध्ये 20 आठवड्यांपासून पुढे ते टाळायला सांगितलं, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच आकसण्याचा धोका असतो. तुम्ही पोचाल तोवर विसावा आठवडा आलेला असेल, म्हणून हे एवढं कळकळीने सांगतेय. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, नायमेसुलाइड ही दुखण्यावरची औषधंही त्याच गटातली, तीही टाळा. ॲस्पिरिनही त्याच गटातलं, पण डॉक्टरांनी कमी मात्रेचं ॲस्पिरिन चालू केलं असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नका.

छातीतल्या जळजळीला कॅल्शियम कार्बोनेटची गोळी चालते, फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. पोट बिघडल्यावर घेतात ते बिस्मथ सबसॅलिसिलेट असलेलं औषध मात्र नको.

नेताना गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांत असतं त्या कोडीनवर अनेक देशांत निर्बंध आहेत. जपानमध्ये 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं, सर्दीच्या गोळ्यांतलं औषध) असलेलं औषध नेताच येत नाही. तिथे पोचल्यावर काहीही घेताना, अगदी मलमसुद्धा, फार्मासिस्टला आधी कितवा आठवडा चालू आहे ते सांगा.