गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परवाना काढून स्थलांतरित बदकांची शिकार करता येते का?

तुमचा प्रश्न असा, की कॅनडा-अमेरिकेतले बदकांच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून हौस आली आहे, मामांकडे शेतराखणीची परवान्याची बंदूक आहे, तर पाऊस सरल्यावर गोव्यात बदकं आणि हंस उतरतात तेव्हा दोन दिवसांचा परवाना कुठे मिळेल?

कुठेच नाही. 1972च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. 1991च्या दुरुस्तीने ती गेली. मग 2022ची दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023पासून लागू झाली, आणि साध्या गुन्ह्याचा दंड 25 हजारांवरून 1 लाखापर्यंत गेला. कैद 3 वर्षांपर्यंत. हे अभयारण्याबाहेरचं, आत केलंत तर किमान 3 वर्षं. गोळी घालणंच नव्हे, जाळं लावणं, हाकारणं, घरटं मोडणं, सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. मामांचा परवाना पिकाच्या राखणीपुरता आहे. बंदूक तळ्यावर नेलीत तर ती जप्त होईल, आणि मामीची बोलणी खाल ती वेगळीच.

हंसांचंही सांगून टाकतो. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हा हंस बघायचा असेल तर घाट चढून कर्नाटकात गदगजवळच्या मागडीच्या तळ्यावर जा. गोव्यात तो क्वचितच. आपल्याकडे येतात ती बदकं: तलवार बदक, भुवई बदक, थापट्या. आणि तळ्यावर सर्वांत जास्त दिसते ती अडई तर इथलीच, बारमाही. तिला सैबेरियाची पाहुणी म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात.

तिकडे शिकार का चालते, हेही समजून घ्या. अमेरिकेत 1934पासून बदक मारणाऱ्याला एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा विकत घ्यायला, राखायला जातो. रोज किती मारायची याची मर्यादा, मोजणी, तपासणी सगळं असतं. शिशाचे छर्रे 1991पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला देशभर बंद केले, कारण बदक दाणे दळायला वाळूचे खडे गिळतं, त्यात चिखलातले छर्रेही जातात, पोटातल्या दाणे दळणाऱ्या पिशवीत, म्हणजे पेषणीत, झिजतात आणि शिसं रक्तात उतरतं. हे वाचून ‘तसंच इथे सुरू करा’ म्हणणारे काही मित्र मला आहेत. मला ते पटत नाही. आपली तळी केवढी? कुडचड्याचं नंदा तळं, 2022मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेलं गोव्यातलं पहिलं, जेमतेम 42 हेक्टर. तिथे एक बार काढला की अख्खं तळं रिकामं होईल.

आता बंदुकीविना काय मिळतं ते सांगतो. शिकाऱ्याची निम्मी विद्या दबा धरण्याची असते आणि ती इथे जशीच्या तशी लागते. करमळीच्या तळ्याकाठाने कोकण रेल्वे जाते. गाडी धडधडत गेली तरी बदकं मान वर करत नाहीत. पण बांधावर माणूस उभा राहिला, की आधी कडेच्या अडई शीळ घालत उठतात आणि त्यांच्यामागे मधली तलवार बदकंही जातात. म्हणून बांधावर उभं राहू नका. बांधाच्या उतारावर, झुडपाच्या आडोशाला बसा, मळकट कपडे घाला, सूर्य पाठीशी ठेवा. पहाटे पाव विकत फिरणाऱ्या पदेराचा भोंगा वाजायच्या आत पोहोचलात तर उत्तम, कारण बदकं रात्री चरतात. कापलेल्या भातशेतात, उथळ पाण्यात दाणे टिपून पहाटे परततात आणि दिवसभर तळ्याच्या मध्यावर चोच पाठीत खुपसून झोपतात. दहा वाजता जाऊन ‘काहीच हलत नाही’ म्हणणाऱ्यांची चूक ती हीच. संध्याकाळी उलटा खेळ: दिवेलागणीला थवे उठून शेतांकडे जातात. जुने शिकारी याच दोन वेळा साधायचे.

ऑक्टोबरमध्ये एक गंमत असते, ती पुस्तकातली चित्रं बघून येणाऱ्यांना फसवते. नर नुकतेच पिसं टाकून आलेले असतात आणि बरेचसे माद्यांसारखेच तपकिरी दिसतात. भुवई बदकाच्या नराची ती ठसठशीत पांढरी भुवई तर हिवाळा सरत आल्यावरच नीट उमटते. तोवर पंख बघा: उडताना नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर राखाडी दिसतो. तलवार बदक लांब मानेवरून आणि टोकदार शेपटीवरून ओळखू येतं. ते डोकं पाण्यात खुपसून शेपूट आभाळाकडे करून उभं राहिलं, की तळ्यात कुणी खुंट्या रोवल्यासारखं वाटतं.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरे. चोडणला सलीम अली अभयारण्यात बदकांसाठी जाऊ नका; ते खारफुटीचं रान आहे, तिथे खंड्या आणि बगळे बघायचे. बदकांसाठी करमळी, नंदा आणि कुडतरीचं मैना तळं. मोजणीची आवड लागली तर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तेव्हा ओळखीच्या पक्षीनिरीक्षकांबरोबर जा. एका सकाळी त्यांच्याकडून जे शिकाल ते व्हिडिओत मिळायचं नाही. तळ्याजवळ ताणलेलं जाळं दिसलं तर स्वतः हात न लावता फोटो काढा आणि वनखात्याला फोन करा.

आणि बदक खायचीच इच्छा असेल, तर पाळीव बदक विकत मिळतं. त्याची शागोती करा, त्याला कसलाच परवाना लागत नाही.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर अडई सोडून फारसं कुणी उरत नाही.