नोंदी साठवताना किल्ली कोणती असावी?

प्रश्न : मी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकत आहे. विद्यार्थ्यांचे गुण डिक्शनरीत नावानुसार साठवले. परंतु ४० नोंदी भरूनही मोजणी ३८ येते. शिवाय नसलेले नाव शोधल्यास प्रोग्राम थांबतो. काय चुकते?

उत्तर : डिक्शनरीत प्रत्येक नोंद एका किल्लीखाली, म्हणजे ती शोधण्याच्या खुणेखाली (तुमच्याकडे विद्यार्थ्याचे नाव), साठवली जाते आणि प्रत्येक किल्ली एकदाच असू शकते. त्यामुळे एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले, तर दुसऱ्याचे गुण पहिल्याच्या गुणांची जागा घेतात, आणि पायथन त्याची कोणतीही सूचना देत नाही. म्हणूनच ही चूक मला सर्वांत घातक वाटते. नावाऐवजी हजेरी क्रमांक ही किल्ली करावी आणि नाव व गुण आतल्या दुसऱ्या डिक्शनरीत ठेवावेत. क्रमांक कीबोर्डवरून घेत असाल, तर 'इनपुट' नेहमी मजकूरच देते, हे लक्षात ठेवावे : ७ ही संख्या आणि '७' हा मजकूर या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, त्यामुळे भरलेली नोंदही सापडत नाही. तो मजकूर आधी 'इंट'ने संख्येत बदलावा.

चौकटी कंसातून नसलेली किल्ली मागितल्यास 'की-एरर' ही त्रुटी येते आणि प्रोग्राम थांबतो. त्याऐवजी 'गेट' वापरल्यास 'नन', म्हणजे 'काहीच नाही' असे मूल्य, मिळते आणि प्रोग्राम पुढे चालतो. नवी नोंद भरण्यापूर्वी मात्र ती किल्ली आधीच वापरली आहे का, हे 'इन'ने अवश्य तपासावे.