‘तुझं रोजचंच आहे’

पत्र: मावशी, मी ४१ वर्षांची. नाशिकला सिडकोत राहते. चार वर्षं झाली, अंग दुखतंय. मान, खांदे, कंबर, हाताची बोटंसुद्धा. रात्रभर झोपून उठले तरी अंग ठेचून काढल्यासारखं असतं. रक्त, एक्स-रे, एमआरआय सगळं झालं, सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. मिस्टर अंबडच्या कंपनीत शिफ्टला असतात. ‘तुझं रोजचंच आहे’ म्हणतात, आता विचारतही नाहीत. सासूबाई म्हणतात, आम्ही दहा माणसांचं केलं, कधी कुरकुरलो नाही. मेडिकलमधून गोळी आणते, रोज एक घेतली की दिवस निघतो. गेल्या महिन्यात माझी १५ वर्षांची मुलगी पाळी आली म्हणून शाळेत न जाता पोट धरून पडून होती. मी तिच्यावर ओरडले, ‘बायकांचं दुखतंच’ म्हणाले. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. खरं सांगा, मी नाटक करतेय का?

उत्तर: नाही गं. तू नाटक करत नाहीस.

पत्र वाचताना ‘उठूच नये’ या शब्दांपाशी मी थांबले, म्हणून आधी तेच. हा विचार मनात येतो हे आजच एका माणसाला सांग. बहीण, वहिनी, शेजारची मैत्रीण, जिच्याशी मोकळं बोलता येतं ती. आणि १४४१६ हा नंबर फोनमध्ये ठेव. ती सरकारची टेलीमानस नावाची, मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कधी स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर सकाळ होण्याची वाट बघू नकोस. त्याच मिनिटाला फोन लाव आणि कोणाला तरी जवळ बोलावून घे. चार वर्षं दुखणं अंगावर काढलं की मन थकतंच. त्यात तुझा दोष नाही.

आता दुखण्याचं. तुमच्या बिल्डिंगवर टाकी भरली की वाजणारा अलार्म असेल. कधी वायरीत बिघाड होतो आणि टाकी अर्धी असतानाही तो कोकलत राहतो. प्लंबर येतो, टाकीत डोकावतो, ‘टाकी एकदम ठीक आहे’ म्हणून जातो. त्याचं खरंच असतं. पण घरात आवाज येतोय, तोही खराच असतो. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात बऱ्याचदा असंच होतं. मेंदू आणि मज्जासंस्था इतकी हळवी होते की साध्या दाबाचा, थंडीचा, अपुऱ्या झोपेचाही इशारा वेदना म्हणून वाजतो. एक्स-रे आणि एमआरआय टाकी दाखवतात, ही वायर दाखवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अशा दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. आणि वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्ट लिहिलं, की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. हे दोन्ही मिस्टरांना वाचून दाखव.

अंगभर दुखणं, न भागणारी झोप, सकाळचा थकवा, याला फायब्रोमायल्जिया नावाचा आजार कारण असू शकतो. तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. तुला तोच आहे असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन हे तपासलंय का ते जुन्या फायलीत बघ आणि संधिवाततज्ज्ञांकडे जा, किंवा पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे दुखण्यावरच उपचार करणाऱ्या दवाखान्यात. तिथे बहुधा भूलतज्ज्ञ असतात. त्यांनी डिप्रेशनची किंवा फिटची म्हणून ओळखली जाणारी गोळी दिली तर बिचकू नकोस. त्यातल्या काही गोळ्या मज्जातंतूंचा हा गोंगाट कमी करतात, म्हणून देतात. उलट रोजची ती मेडिकलमधली वेदनाशामक गोळी या दुखण्यावर फारशी चालत नाही, आणि वर्षानुवर्षं घेतली तर पोटाला नि किडनीला त्रास देते. काय घेतेस, किती दिवस, हे डॉक्टरांना लपवू नकोस. मध्ये ताप येऊ लागला, वजन उतरलं, सांधे सुजले, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र नंबर लावून बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

जाण्याआधी एक काम कर. दुधाचा हिशेब लिहितेस त्याच कालनिर्णयावर पंधरा दिवस लिही: कुठे दुखलं, किती वाजता, किती झोपलीस, पाळीची तारीख, कुठलं काम हातून सुटलं. ‘खूप दुखतं’ हे ऐकून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. ‘मंगळवारी परात उचलता आली नाही, कुकरचं झाकण मुलीकडून लावून घेतलं’ हे ऐकलं की पेन हातात घेतात. घरातही असंच सांग. आणि त्या दिवशी मिस्टरांना सुट्टी काढायला लाव. बायकोने येऊन सांगितलेलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेलं यात फार फरक पडतो.

बरं वाटलं की तू काय करतेस तेही मला माहीत आहे. सगळ्या गोधड्या एकाच दिवशी धुऊन टाकतेस, मग तीन दिवस अंथरुणावर. काम तुकड्यांत कर, चांगल्या दिवशीसुद्धा. रोज दहा मिनिटं चालायला सुरुवात कर, दुखणं फार वाढत नसेल तर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढव. पूर्ण विश्रांतीने हे बरं होत नाही.

सासूबाईंचा राग नको धरूस. माझी आई निफाडकडची. कांदा लागवडीला दिवसभर वाकून असायची. तिच्या कमरेला जुन्या सुती लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली असे. मला लहानपणी वाटायचं, तोही नेसण्याचाच भाग. तिची शेवटची आंघोळ घालताना ती पट्टी सोडली, तेव्हा कातडीवर बोटभर रुंद काळा वळ दिसला. आयुष्यात तिने एकदाही दुखतंय म्हटलं नव्हतं. सासूबाईही कुरकुरल्या नसतील, कारण ऐकायला होतं कोण? एकदा त्यांनाच विचार, तुमची कंबर कधीपासून दुखते. बघ काय काय निघतं.

आणि लेक. चार वर्षं तू जसं ऐकत आलीस, तसंच वाक्य तू तिला ऐकवलंस. रागावत नाहीये गं, माझ्या आईकडून मीही तेच शिकले होते. पण पाळीत शाळा बुडावी इतकं दुखत असेल तर ते दाखवायलाच हवं. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढतो. पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना तो असतो. निदानाला कित्येक वर्षं लागतात, कारण ‘दुखतंच’ म्हणून कोणी नेतच नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही. खर्चाची काळजी असेल तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढ, स्त्रीरोग विभागात दाखव.

आज ती क्लासहून आली की आधी खायला दे. मग म्हण, ‘त्या दिवशी मी ओरडले ते चुकलं. कुठे दुखतं, मला नीट सांग.’ तिच्यासाठी कालनिर्णयावर वेगळ्या रंगाचं पेन ठेव. पंधरा दिवसांनी त्या पानाचा फोटो मला पाठव. मी वाट बघते.

तुझी मावशी