कपडेपटातून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, परवा टीव्हीवर जुना 'आम्रपाली' लागला होता. वैजयंतीमालाचे कपडे बघून सूनबाई म्हणाल्या, "बुद्धाच्या काळी बायका एवढं उघडं थोडंच घालत होत्या! सगळी सिनेमावाल्यांची थेरं." भानू अथैयांनी ते कपडे अजिंठ्याची चित्रं अभ्यासून केले, असं मी कुठेतरी वाचलंय. मग खरं काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सूनबाईंना सांगा, उघडं कसलं, उलट जास्तच झाकलंय! भारहूतच्या स्तूपाचे कठडे आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. त्यांवरच्या यक्षी बघा. कमरेला अंतरीय म्हणजे धोतरासारखं नेसलेलं वस्त्र, त्यावर मेखला म्हणजे कमरपट्टा, पुढे सोडलेला कायबंध म्हणजे कमरेचा शेला, गळाभर दागिने आणि छातीवर कापडाचा तुकडा नाही. १९६६ सालच्या पडद्यावर हे दाखवणं शक्यच नव्हतं. तिथे कंचुकी, म्हणजे चोळी, लागणारच.

अजिंठ्याचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण गोम निराळीच आहे. सिनेमातली गोष्ट बुद्धाच्या काळातल्या मगधाच्या राजाची, अजातशत्रूची, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासची. लेणी ९ आणि १० मधली काही चित्रं जुनी आहेत खरी. पण अजिंठ्याचा पोशाख म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते १, २, १६, १७ या लेण्यांतलं, वाकाटकांच्या काळातलं, इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. मधे हजारेक वर्षं गेली! ज्ञानेश्वरांपासून आपल्यापर्यंत सातशेच होतात, त्यावरून अंदाज घ्या.

तरीही मी अथैयांच्याच बाजूची, आणि त्या कोल्हापूरच्या म्हणून नव्हे. बुद्धकाळातलं कापड कपडेपटात आणायचं कुठून? शिल्पात वस्त्राची चूण कळते, पण रंग कळत नाही, तलम की जाड ते नीट कळत नाही. अजिंठ्यात ते सगळं भिंतीवर मांडून ठेवलंय : पट्ट्यापट्ट्यांची अंतरीयं, इकतासारखी (सूत आधी रंगवून मग विणलेली) नक्षी, अंग दिसेल इतकं झिरझिरीत कापड. पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकातली (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतली) नर्तकी तर लांब बाह्यांचा, चक्क शिवलेला कपडा घालून नाचतेय. शिवलेले कपडे आपल्याकडे मुसलमानांबरोबर आले, असं छातीठोक सांगणाऱ्यांना त्या भिंतीपुढे नेऊन उभं करावं.

मला खटकतात ते कपडे नाहीत, डोळे. कानाकडे ओढलेलं ते काजळ सरळसरळ साठच्या दशकातलं आहे. ऐतिहासिक सिनेमा कोणत्या साली निघाला, हे कपडेपट एक वेळ लपवेल. रंगभूषा आणि केशभूषा हमखास चुगली करतात.

ज्या काळाचे फोटो आहेत, तिथे मात्र अशी सवलत नाही. याच अथैयांना 'गांधी'साठी जॉन मोलोंबरोबर १९८३ साली ऑस्कर मिळालं. गांधीजी आफ्रिकेत सूटबूट घालत, १९१५ ला परतले ते काठेवाडी पागोट्यात, आणि पंचा नेसले तो सप्टेंबर १९२१ मध्ये, मदुराईला. हे घराघरात ठाऊक असलेलं. पाच-सहा वर्षं इकडची तिकडे झाली, तर थिएटरातला आजोबा उठून बोलेल. आम्रपालीचा फोटो कुणाच्या आजोबांकडे आहे?

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेचं पेशवाईवरचं नाटक आहे. अंगरख्याला चेन लावली तर चालेल का? कपडे बदलायला वेळच मिळत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिसणारी चेन अजिबात नको, ती विसाव्या शतकातली. अंगरख्याचे बांधायचे बंद वरच्या वर शिवून टाका, आत वेल्क्रो लावा. फक्त हळव्या प्रसंगात तो अंगरखा काढायला लावू नका. वेल्क्रोचा 'खर्र' शेवटच्या रांगेपर्यंत जातो.