जावळ काढल्यानंतर भाच्याचे केस परत आलेच नाहीत. रिपोर्टमध्ये ‘एचआर जीन’ आलंय. हे एन्झाइम करतं काय, आणि केस येतील का?

तुम्ही लिहिलंय की जावळ काढताना बाळ तुमच्याच मांडीवर होतं. तेव्हापासून डोकं तुळतुळीत, आता भुवयाही विरळ झाल्या आहेत. घरातले अर्धे लोक न्हाव्याच्या वस्तऱ्याला बोल लावतात आणि उरलेले तुम्हाला. डॉक्टरांनी ‘हिस्टोनवर काम करणाऱ्या एन्झाइमचा दोष’ एवढंच सांगून पुढच्या पेशंटला बोलावलं. बहिणीचं लग्न आतेभावाशी झालंय हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, ते बरं केलंत. मी परळला पॅथॉलॉजिस्ट आहे आणि त्वचेच्या बायोप्सी बघणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून उत्तर देते. बाळाला तपासलेलं नाही, तेव्हा उपचाराचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी वस्तऱ्याचा विषय संपवू. वस्तरा कापतो तो त्वचेच्या वर आलेला मेलेला केस. डोक्यावरच्या वाढत्या केसाचं मूळ चार-पाच मिलिमीटर खाली, चरबीच्या थरात असतं. तिथवर वस्तरा गेला असता तर केसांची नव्हे, टाक्यांची गोष्ट झाली असती. एचआर जीनच्या या आजाराची मुलं बहुधा केस घेऊनच जन्माला येतात आणि ते केस पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळतात. आपल्याकडे जावळ साधारण त्याच सुमारास काढतात, त्यामुळे आळ न्हाव्यावर येतो. जावळ काढलं नसतं तरी बाळ आज असंच दिसलं असतं.

आता एन्झाइम. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांच्या एका गोळीभोवती डीएनएची जवळपास १४७ अक्षरं. हिस्टोनांची शेपटं बाहेर लोंबत असतात आणि त्यांच्यावर पेशी छोट्या रासायनिक खुणा चिकटवते. एच३ या हिस्टोनच्या नवव्या जागी लायसिन आहे. तिथे मिथाइलची खूण बसली की त्या भागातले जीन बहुतेक वेळा बंद राहतात, जसं महापालिकेनं सील ठोकलेल्या गाळ्यात माल तसाच असतो पण धंदा होत नाही. ही खूण काढणारी एन्झाइमं वेगळी असतात, त्यांना डीमिथायलेज म्हणतात. तुमच्या भाच्याच्या रिपोर्टमधलं एचआर, म्हणजे ‘हेअरलेस’, हे त्यांतलंच एक. ८ क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्याचा जीन आहे, प्रथिन ११८९ अमिनो आम्लांचं, आणि त्याच्या शेवटाकडच्या भागात खूण काढण्याचं यंत्र बसलंय. ते चालायला लोह लागतं. (म्हणून बाळाला लोहाचं औषध पाजू नका! कमतरता असली तर वेगळं.)

गंमत म्हणजे हे प्रथिन आधी दुसऱ्याच कामासाठी ओळखलं जात होतं. थायरॉइड संप्रेरकाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरला (त्यांचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटून ते काही जीन बंद करतं. बंद करण्यात मदत करणारं प्रथिन बंदीची खूण काढतंही, हे २०१४ मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं. दोन्ही कामं एकाच प्रथिनाकडे कशी, हा प्रश्न मला तरी अजून सुटल्यासारखा वाटत नाही. पण केसांच्या बाबतीत एक धागा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. उंदरांवरच्या कामात दिसलं की हेअरलेस ‘वाइज’ नावाच्या जीनला दाबून ठेवतं. वाइज मोकाट सुटला की तो ‘विंट’ हा संदेश अडवतो, आणि विंटशिवाय नव्या केसाची सुरुवात होत नाही.

म्हणूनच पहिले केस येतात आणि दुसरे येत नाहीत. केसांची मुळं आईच्या पोटातच तयार होतात आणि तो साठा आयुष्यभराचा, पुढे नवी मुळं बनत नाहीत. पण प्रत्येक मूळ फेऱ्यांत चालतं: डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत मुळाचा खालचा भाग आक्रसतो, मग तीनेक महिने विश्रांती आणि पुन्हा नवा केस. आक्रसताना तळाशी असलेला पेशींचा एक छोटा गोळा, डर्मल पॅपिला, मुळाबरोबर वर ओढला गेला पाहिजे, कारण पुढच्या केसाचा हुकूम तोच देतो. हेअरलेस नसलं की पहिल्याच आक्रसण्यात मूळ मधेच तुटतं आणि पॅपिला खोल तिथेच अडकून पडतो. वरचा तुकडा हुकमाची वाट बघत राहतो, तो कधीच येत नाही. केस घडवण्यात बाळाचं शरीर कुठेही कमी पडलेलं नाही. पहिली बॅच उत्तम झाली होती, बिघाड फेरी बदलताना झाला.

हे काचपट्टीवर इतकं ठळक दिसतं की एकदा बघितल्यावर विसरत नाही. टाळूतून ४ मिलिमीटरचा गोल तुकडा, म्हणजे पंच, घेतात, मेणात बसवून पातळ काप काढतात, गुलाबी-जांभळा रंग देतात. नेहमीच्या टाळूत चरबीच्या थरापर्यंत केसांचे गड्डे उतरलेले दिसतात. इथे चरबीत एकही गड्डा नसतो. वरच्या बाजूला मुळांची तोंडं रुंदावलेली, आणि मधल्या थरात केराटिननं (केस ज्याचे बनतात त्या प्रथिनानं) गच्च भरलेल्या लहान पिशव्या. घामाच्या ग्रंथी मात्र जिथल्या तिथे, ठणठणीत. आणि महत्त्वाचं म्हणजे दाह नाही. चाई पडते त्या आजारात, म्हणजे अलोपेशिया एरियाटात, मुळाभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. तो आजार शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा. तिथे मूळ जिवंत असतं, म्हणून केस परत येऊ शकतात.

हा फरक सांगायचं कारण असं की दोन्हींची गल्लत सर्रास होते. पहिली नोंदच बघा ना: १९९८ मध्ये पाकिस्तानातल्या एका कुटुंबात माणसातला एचआर दोष प्रथम सापडला, तेव्हा शोधनिबंधाच्या शीर्षकात आजाराचं नाव ‘अलोपेशिया युनिव्हर्सालिस’, म्हणजे अंगभर पसरलेली चाई, असंच होतं. आज या अवस्थेला ‘अट्रिकिया विथ पॅप्युलर लीजन्स’, म्हणजे केस नसणं आणि सोबत पुळ्या, असं म्हणतात. गल्लत झाली की पोरांना महिनोन्महिने स्टेरॉइड दिली जातात, आणि ती इथे काडीची उपयोगाची नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या औषधाला मंजुरी मिळाली ती प्रौढांतल्या अलोपेशिया एरियाटासाठी, याच्यासाठी नव्हे.

तेव्हा थेट उत्तर: आजच्या घडीला केस परत आणणारं औषध नाही. एन्झाइम नाही म्हणून एन्झाइम लावलं, असं होत नाही, कारण ते पेशीच्या केंद्रकात, एका ठरावीक वेळी लागतं. बाजारात ‘एपिजेनेटिक’ (म्हणजे जीनवरच्या अशा खुणा बदलणारी) लिहिलेली सीरम दिसतील. मी त्यांच्यावर शंभर रुपयेही घालवणार नाही. माका, जास्वंद, कांद्याचा रस यांनीही काही होणार नाही, उलट उघड्या टाळूची आग होईल. हेअर ट्रान्सप्लांटला मागच्या बाजूचे चांगले केस लागतात, ते इथे नाहीतच.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना विचाराच. बाळाची हाडं, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांचा बिघाड दाखवणारी रक्ततपासणी) बघितलंय का? ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरमध्येच दोष असेल तर केस हुबेहूब असेच जातात, पण सोबत मुडदूस होतो आणि त्याला तातडीनं उपचार लागतात. (साध्या ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं, जी मुंबईत एवढं ऊन असून घरोघरी आहे, असं टक्कल पडत नाही. तेव्हा ६०,००० युनिटांच्या पुड्या मनानं देऊ नका.) एचआरच्या दोन्ही प्रतींतले दोष रिपोर्टमध्ये पक्के असतील तर ही शंका बरीचशी मिटते, पण रक्ततपासणी सोपी आहे, करून टाकावी. दुसरं, दात वेळेवर येताहेत का आणि घाम येतो का. एचआरमध्ये दोन्ही नेहमीसारखं असतं, त्यामुळे ऑक्टोबर हीटची वेगळी धास्ती नको.

साधारण दोनेक वर्षांचा झाला की गालांवर, टाळूवर, कोपर-गुडघ्यांवर बारीक पुळ्या येऊ लागतील. त्याच त्या केराटिनच्या पिशव्या. संसर्गजन्य नाहीत, पिळू नका, आणि बालवाडीत घालताना बाईंना आधीच चिठ्ठी द्या म्हणजे कुणी नायटा समजून बाजूला बसवणार नाही. टोपी आणि सनस्क्रीन रोजचं. पापण्यांचे केस विरळ असतील तर धूळ सरळ डोळ्यांत जाते, आणि आपल्याकडे दर दुसऱ्या गल्लीत खोदकाम चालू आहे, तेव्हा बाहेर पडताना छोटा गॉगल. बुद्धी, उंची, आयुष्य यांना धक्का नाही.

राहता राहिलं नातं. रिपोर्टमध्ये ‘होमोझायगस’ असा शब्द असेल, तर त्याचा अर्थ जीनच्या दोन्ही प्रतींत तोच दोष. बहीण आणि मेहुणे दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत आहे. ती बहुधा तुमच्या आजी किंवा आजोबांकडून एका बाजूनं तुमच्या वडिलांमार्फत, दुसऱ्या बाजूनं आत्यामार्फत खाली आली. एकच प्रत असलेल्यांचे केस सर्वसाधारण असतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. त्यांच्या पुढच्या प्रत्येक बाळात चारात एक शक्यता आहे. त्याआधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्यावं. केईएमसारख्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या ओपीडीत चौकशी केली तर ते खिशाला परवडेल.

आणि आता तुमच्याविषयी, कारण हे तुम्ही विचारलेलं नाही. बिघडलेली प्रत तुमच्याकडेही असण्याची शक्यता निम्मी, आणि तुम्हाला मुलगी असेल तर तिच्याकडे असण्याची पाव. ती पोरगी भाच्यालाच द्यायची, असं घरात आतापासून हसत-खेळत बोललं जात असेल तर ते बोलणं थांबवा. भाच्याकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. तिच्याकडे एक निघाली, तर त्यांच्या प्रत्येक मुलात शक्यता चारात एक राहत नाही, दोनात एक होते. तुमच्या रक्तात फक्त तो एक ठरावीक बदल शोधायचा आहे, पूर्ण जीन पुन्हा वाचायची गरज नाही. भाच्याचा रिपोर्ट सोबत न्या, चाचणी बरीच स्वस्तात होते.